प्रतिसाद: गरोदरपणातली एचआयव्ही टेस्ट सक्तीची नको
वस्तीतल्या गरोदर बायकांची एचआयव्ही टेस्ट सक्तीची करा असं वर कोणी म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने टेस्टला संमती लागतेच, आणि सरकारी दवाखान्यात टेस्ट फुकट आहे, अडतं ते पुढे. पॉझिटिव्ह आली की सगळं तिच्यावरच ढकलतात, कारण घरात पहिली टेस्ट तिचीच झालेली असते! नवऱ्यालाही पहिल्याच तपासणीला बोलवा ना, फक्त रिपोर्ट ज्याचा त्याला द्या. उपचार नसतील तर बाळाला लागण व्हायची शक्यता 15 ते 45 टक्के, आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्यांचा उपचार, वेळेवर सुरू झाली, नीट चालू राहिली तर 5 टक्क्यांच्या खाली, एवढा फरक आहे. ऊसतोडीला गेलेली बाई मात्र तपासणी गावात, बाळंतपण फडावर, अशात गोळ्या मध्येच तुटतात. तिला निघायच्या आधीच कारखान्याजवळचं एआरटी सेंटर जोडून द्यायला पाहिजे.