वधस्तंभावेळचा अंधार: त्याला ग्रहण म्हणावं का?

पौर्णिमान्त: येशू वधस्तंभावर असताना दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडला, असं मत्तय, मार्क आणि लूक ही तिन्ही शुभवर्तमानं (येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं) सांगतात. हे सूर्यग्रहण नव्हतं, आणि ग्रहणांच्या कोष्टकांत ते शोधणंही सोडून द्यावं. येशूचा वध वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळचा; तो सण पौर्णिमेचा, सूर्यग्रहण अमावास्येचं. शिवाय खग्रास स्थिती एका जागी फार तर साडेसात मिनिटं टिकते, तीन तास नाही. पौर्णिमेचा हा आक्षेप ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती इतिहासकाराने तिसऱ्या शतकातच घेतला होता.

छायाबिंदू: कोष्टकं कशाला सोडायची? सूर्य नसेल तर चंद्र बघा. ३ एप्रिल इ.स. ३३, शुक्रवार, जेरुसलेममध्ये चंद्र उगवला तोच ग्रस्त. येशूचा शिष्य पेत्र पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्ट सणाच्या) भाषणात जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याचं वचन सांगतो: सूर्य अंधकारमय, चंद्र रक्तमय. हम्फ्रीज आणि वॅडिंग्टन या संशोधकांनी १९८३ मध्ये याच आधारावर येशूच्या मृत्यूची ही तारीख मांडली.

पौर्णिमान्त: ग्रहण झालं, मान्य. पण ते खंडग्रास होतं आणि त्याचा मध्य चंद्रोदयाआधीच उलटून गेला होता. उगवताना थोडीच कड सावलीत उरलेली. उरलेला भाग इतका उजळ असतो की त्याच्या शेजारी सावलीतली लाली डोळ्यांना जाणवत नाही. आणि योएलचं वचन त्याआधी काही शतकांचं आहे, त्याला त्या संध्याकाळच्या चंद्राची गरज नाही.

तिबर_काठ: दोघंही रोमला विसरताय. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझर मारला गेल्यावर सूर्याने तोंड झाकलं, असं रोमन कवी व्हर्जिल लिहितो. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क तर वर्षभर सूर्य फिका होता म्हणतो. वर्षभराचं ग्रहण नसतंच! थोर माणूस गेला की आकाश शोक करतं, ही भाषा त्या वाचकांना ठाऊक होती. शुभवर्तमानातला अंधार तसाच वाचायला हवा.

छायाबिंदू: म्हणजे सगळं अलंकारिक? रोमनांना गणितही कळत होतं. इ.स.पू. १६८ मध्ये मॅसिडोनियाविरुद्धच्या पिड्नाच्या लढाईआधी रोमन अधिकारी सल्पिसियस गॅलसने चंद्रग्रहणाचं कारण सैन्याला समजावलं. इ.स. ४५ साली सम्राट क्लॉडियसच्या वाढदिवशी सूर्यग्रहण येणार होतं, तर त्याने ते कारणासकट आधीच जाहीर केलं, लोकांनी अपशकुन मानू नये म्हणून.

तिबर_काठ: त्याच पिड्नाला सैनिक काशाची भांडी बडवत होते आणि सेनापती पॉलसने चंद्राला अकरा कालवडींचा बळी दिला, हेही प्लुटार्कच सांगतो. कारण कळलं म्हणून शकुन सुटत नव्हता. पाचव्या शतकात ट्युरिनचा बिशप मॅक्सिमस ग्रहणातल्या चंद्राला ओरडून मदत करणाऱ्यांना प्रवचनात झापतो, आणि ते त्याचेच ख्रिस्ती लोक होते.