मदत हवी आहे : संस्थेतल्या छळाची केस, वकिलाला काय विचारावं?

मंडळी, माझी मैत्रीण एका निवासी संस्थेत वाढली. तिथे जे सोसलं, ते आता मानवाधिकार वकिलापुढे मांडायचं तिने ठरवलंय. प्रवेशाची नोंदवही, दवाखान्याचे कागद सगळे संस्थेकडेच. ते गहाळ होण्याआधी जपून ठेवायची लेखी नोटीस आधी पाठवावी का? तीच हकीकत पुन्हा सांगताना तिचे हात थरथरतात. एकदाच नोंदवलेला जबाब पुढे चालतो का?

तडजोडीच्या अटींचीही धास्ती वाटते. आयर्लंडमध्ये निवासी संस्थांत लहानपणी छळ सोसलेल्यांसाठी केलेल्या २००२च्या भरपाई कायद्यात, भरपाईच्या अर्जाबद्दल संस्थेचं नाव उघड होईल असं काही प्रसिद्ध करायला बंदी होती. पैशापेक्षा तिला मोकळं बोलता यावं, ही माझी कळकळ. अशी प्रकरणं जवळून पाहिलेल्यांनी कृपया लिहा.