मदत हवी आहे: कारखान्यात दारू आणि ड्रगची तपासणी सुरू करायची आहे, कोणती पद्धत वापरावी?

सुरक्षित_पाळी

नमस्कार मंडळी,

चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सेफ्टी बघतो. प्रेस शॉप आहे, पेंट शॉप आहे, दिवसरात्र फोर्कलिफ्ट फिरत असतात. कायम आणि कंत्राटी धरून दोनशेच्या आसपास माणसं आहेत.

अलीकडे फर्स्ट शिफ्टला एका फोर्कलिफ्ट ऑपरेटरनं भरलेलं पॅलेट रॅकवर आदळलं. खाली कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. सुपरवायझरला त्याच्या तोंडाला वास आला. त्यानं त्याला लगेच गेटबाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी हातात मेमो दिला. ऑपरेटरचं म्हणणं असं की रात्री घेतली होती, सकाळी थेंबही नाही. कामगार प्रतिनिधी विचारतात, वासावरून दोष कसा ठरवता? आणि खरंच, त्या दिवशी काही मोजलंच गेलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंकडे फक्त शब्द आहेत.

आता व्यवस्थापनाला एकदम सगळ्यांची तपासणी हवी आहे. एका विक्रेत्यानं लघवीच्या किटचं कोटेशन दिलंय: सहा पदार्थांची पट्टी, पाच मिनिटांत निकाल, पॉझिटिव्ह आला की घरी. मला हे पटत नाही. एवढ्याशा पट्टीवर कुणाची नोकरी जावी हे बरोबर नाही. पण नशेतला माणूस फोर्कलिफ्टवर बसला तर उद्या कुणाचा तरी पाय जाईल किंवा जीव जाईल, हेही तितकंच खरं आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवलंय त्यांनी कृपया सांगा. श्वास, लघवी, लाळ, रक्त, केस यांपैकी कशानं नेमकं काय कळतं? आणि कायद्याच्या दृष्टीनं मालक कुठपर्यंत जाऊ शकतो?

---

ओएचसी_डॉक्टर

मी कारखान्यांच्या ओएचसीमध्ये, म्हणजे कामगारांच्या आरोग्य केंद्रात, काम करते. पट्टी विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवा. हा माणूस आत्ता मशीन चालवण्याच्या अवस्थेत आहे का, हे बघायचंय? की गेल्या काही दिवसांत त्यानं काही घेतलंय का, हे? दोन्हींच्या तपासण्या वेगळ्या आहेत. तुमचा विक्रेता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाच्या नावावर विकतोय.

दारूसाठी श्वासाची तपासणीच योग्य. फुप्फुसातून येणाऱ्या हवेतल्या अल्कोहोलवरून रक्तातलं प्रमाण काढता येतं, त्यासाठी साधारण २१०० ला १ हे गुणोत्तर धरतात. यंत्र फ्युएल सेल सेन्सरचंच घ्या. स्वस्तातली सेमीकंडक्टर सेन्सरची यंत्रं अॅसिटोनलाही प्रतिसाद देतात, म्हणजे साखर नियंत्रणात नसलेला मधुमेही किंवा कडक उपास केलेला माणूस विनाकारण अडकू शकतो. यंत्राचं कॅलिब्रेशन ठरलेल्या मुदतीत करून घ्या आणि सर्टिफिकेट फाइलला लावा. प्रत्येकाला नवी नळी द्या. आणि एक नेहमी राहून जाणारी गोष्ट: जिथे फुंकायला लावता तिथे सॅनिटायझरची बाटली ठेवू नका, तिची वाफसुद्धा आकडा दाखवते.

पहिल्यांदा आकडा आला तर माणसाला बसवा, पंधरा मिनिटं काही खाऊ-पिऊ देऊ नका, मग पुन्हा घ्या. माउथवॉश, खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, आसव-अरिष्ट यांतलं अल्कोहोल तोंडात थोडा वेळ रेंगाळतं आणि पंधरा मिनिटांत जातं. रक्तात मुरलेलं जात नाही. दुसरा आकडा हाच तुमचा आकडा.

"रात्री घेतली होती" हे तुमच्या ऑपरेटरचं म्हणणं पूर्ण खरं असू शकतं, आणि तरीही तो सकाळी फोर्कलिफ्टवर बसायच्या अवस्थेत नसू शकतो. शरीर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम दर १०० मिलिलिटर एवढंच अल्कोहोल उतरवतं. रात्री बाराला कुणाची पातळी १५० असेल तर सकाळी सहाला ती ६० च्या आसपास असते. रस्त्यावर गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० आहे. चहा, लिंबूपाणी, गार पाण्यानं अंघोळ, कशानंही हा वेग वाढत नाही. हे गणित फर्स्ट शिफ्टच्या प्रत्येक माणसाला फळ्यावर मांडून दाखवा. आमच्याकडे बऱ्याच जणांना हे पहिल्यांदाच कळलं.

आता लघवी. लघवीत पदार्थाचे अवशेष सापडतात, नशा सापडत नाही. गांजा एखाद्या वेळी ओढला तर साधारण तीन दिवस दिसतो, रोज ओढणाऱ्याचा महिनाभरही दिसू शकतो. अँफेटामाइन, कोकेन, अफूजन्य पदार्थ दोन-चार दिवस. दारूचा ईटीजी नावाचा अवशेष तर तीन दिवसांपर्यंत सापडतो, म्हणजे रविवारी घरी घेतलेली मंगळवारी पकडली जाईल. त्याचा कामाशी संबंध काय?

लाळेची तपासणी मला कारखान्यासाठी जास्त योग्य वाटते. एक-दोन दिवसांतलंच कळतं, नमुना समोरासमोर घेता येतो, शौचालयाच्या दारात उभं राहण्याची वेळ कुणावर येत नाही. केसांत सुमारे तीन महिन्यांचा इतिहास सापडतो, पण गेल्या आठवड्यातलं दिसत नाही. अपघाताच्या चौकशीत त्याचा उपयोग शून्य. रक्त फक्त रुग्णालयात, मोठ्या अपघातानंतर, डॉक्टरनंच घ्यावं. त्यातही अल्कोहोलसाठी रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसायची नसते.

आणि त्या पट्टीबद्दल. बहुतेक ड्रग पट्ट्यांवर रेघ उमटली तर निकाल निगेटिव्ह असतो, रेघ नसेल तर पॉझिटिव्ह. अंधूक रेघ म्हणजेसुद्धा निगेटिव्हच. गरोदरपणाच्या तपासणीच्या बरोबर उलट. गेटवरच्या सिक्युरिटीच्या हातात हे दिलंत तर काय होईल ते बघा. पट्टी ही चाळणी आहे. त्यावर पॉझिटिव्ह आलेला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या पदार्थ नेमका ओळखणाऱ्या पद्धतीनं पक्का होईपर्यंत कुणालाही दोषी म्हणू नका.

---

पाना_पक्कड

मी प्रेस शॉपमध्ये आहे (दुसऱ्या कंपनीत) आणि कामगारांच्या बाजूनं कमिटीवर बसतो. डॉक्टर ताईंनी लिहिलेलं एकदम पटलं.

आमचा तपासणीला विरोध नव्हता. प्रेसखाली हात माझाच असतो, शेजारचा शुद्धीत असावा ही माझीच गरज आहे. विरोध होता तो निवडून निवडून फुंकायला लावण्याला. सुपरवायझरशी वाद झाला की दुसऱ्या दिवशी तपासणीला नाव येणार, हे चालणार नाही. नावं चिठ्ठ्या टाकून किंवा कॉम्प्युटरनं काढा, कमिटीच्या माणसासमोर. आणि प्लँट हेडचं नावही त्याच डब्यात असू द्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी प्लँट हेड स्वतः फुंकून आत गेले, त्यानंतर कुणी कुरकुर केली नाही.

कंत्राटी पोरांचा विचार आधी करा. कायम कामगाराला मेमो मिळतो, चौकशी होते. कंत्राटी पोराला ठेकेदार फोनवर सांगतो, उद्यापासून येऊ नको. रिपोर्टसुद्धा त्याच्या हातात पडत नाही. पॉलिसीत स्पष्ट लिहा की दोघांना एकच नियम.

खाण्यापिण्याचंही विचारात घ्या. खसखस जास्त खाल्ली तर अफूजन्य पदार्थांची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आपल्याकडे अनारशापासून वाटणापर्यंत खसखस असते. महाशिवरात्रीला, होळीला भांग घेणारे असतात. भांगेच्या पानांवर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजासारखी बंदी नाही, पण पट्टीला दोन्ही सारखेच.

एक मागणी अजून. डबल शिफ्ट करून आलेल्या माणसाची झोप कुठलंही यंत्र मोजत नाही. ओव्हरटाइमच्या रजिस्टरकडेही सेफ्टीनं बघावं.

---

लेबरकोर्ट_पुणे

वकील आहे, कामगार कायद्यात प्रॅक्टिस करतो. सर्वसाधारण माहिती देतो. तुमच्या प्रकरणात कागद बघूनच सल्ला घ्या.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ अनेकजण कारखान्याच्या पॉलिसीत उतरवतात. ते गाडी चालवणाऱ्यासाठी आहे, रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास शिक्षा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. फुंकायला लावण्याचा त्यातला अधिकार पोलिसांचा आहे. मालकाला तो मिळत नाही.

मालकाचा आधार म्हणजे नोकरीच्या अटी आणि स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कारखान्यातली शिस्त आणि कामाचे लेखी नियम. आवारात नशेत असणं हे आदर्श स्टँडिंग ऑर्डर्समध्ये गैरवर्तन आहेच. पण तपासणी कशी, कोण, कधी करणार, हे त्यात नाही. ते लेखी धोरण करून, मराठीत, सगळ्यांना वाचून दाखवून, सही घेऊन लागू करा. जबरदस्तीनं नमुना घेता येत नाही. नकार दिला तर काय होईल हे धोरणात आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. नमुना देण्याची संमती त्या वेळी वेगळी घ्या.

वासाबद्दल: महाराष्ट्रातल्या दारूबंदी कायद्याखालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच म्हटलंय की तोंडाला वास, झोक जाणं, अडखळतं बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. तो फौजदारी खटला होता, खात्यांतर्गत चौकशीत पुराव्याचा निकष सैल असतो. तरी फक्त वासावर दिलेला मेमो कमकुवत आहे. चार्जशीट, खुलाशाची संधी, साक्षीदार तपासणं हे टाळून कामावरून काढलंत तर ते टिकणं कठीण.

रिपोर्ट ओएचसीच्या कपाटात राहू द्या. एचआरला फक्त "कामास योग्य" किंवा "आज अयोग्य" एवढंच कळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खासगी मालकाला तो थेट कितपत लागू होतो यावर वाद घालता येईल, पण त्या वादात पडायची वेळच येऊ देऊ नका.

---

जर्सीचा_नाना

न्यू जर्सीत ट्रकिंग कंपनीच्या सेफ्टी विभागात आहे. इथे १९९१ च्या कायद्यामुळे मोठ्या ट्रकच्या चालकांची तपासणी सक्तीची आहे. जसंच्या तसं उचलू नका, पण दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

लघवीचा नमुना किमान ४५ मिलिलिटर, आणि चार मिनिटांच्या आत त्याचं तापमान ३२ ते ३८ अंशांत आहे का ते बघतात, म्हणजे बाहेरून आणलेला नमुना लक्षात येतो. मग चालकासमोरच तो दोन बाटल्यांत विभागून सील करतात. पहिली पॉझिटिव्ह आली तर चालक ७२ तासांच्या आत दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून मागू शकतो. मला यातली सर्वांत न्याय्य वाटणारी गोष्ट पुढची आहे: प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह निकाल थेट कंपनीकडे येत नाही. आधी एक स्वतंत्र डॉक्टर चालकाला फोन करतो, कुठली औषधं चालू आहेत, प्रिस्क्रिप्शन आहे का विचारतो. त्यानंतरच पॉझिटिव्ह ठरतं.

संशयावरून तपासणी करायची तर सुपरवायझरनं आधी प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं, एक तास दारूबद्दल आणि एक तास ड्रगबद्दल. त्यानं काय पाहिलं ते लिहून ठेवावं लागतं. अपघातानंतर दारूची तपासणी दोन तासांत व्हावी असा नियम आहे, आठ तासांनंतर प्रयत्न थांबवतात. तुमच्याकडे ऑपरेटरला गेटबाहेर काढलं आणि तिथेच पुरावा संपला.

---

सुरक्षित_पाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्याला "किट नको" असं कळवणार आहे.

मसुदा असा करतोय. फोर्कलिफ्ट, क्रेन आणि प्रेसवर बसणाऱ्यांना पाळी सुरू होताना रोज श्वासाची तपासणी. बाकीच्यांची, व्यवस्थापकांसकट, चिठ्ठ्या टाकून. ड्रगची तपासणी फक्त अपघातानंतर किंवा दोघांनी लेखी नोंदवलेल्या संशयावर, लाळेची, आणि पक्की प्रयोगशाळेतच.

दोन शंका उरल्यात. पेंट शॉपच्या माणसांच्या अंगाला थिनरचा वास असतो, यंत्र त्यावर आकडा दाखवेल का? आणि आकडा शून्य नाही पण ३० च्या आत आहे, अशा माणसाचं काय करायचं?

---

ओएचसी_डॉक्टर

पेंट शॉपवाल्यांची तपासणी पाळीच्या आधी, कपडे बदलण्याआधी आणि शॉपपासून लांब घ्या. फ्युएल सेलवर अॅसिटोनचा परिणाम जवळजवळ होत नाही, पण थिनरमध्ये किंवा साफसफाईच्या द्रावणात आयसोप्रोपिल किंवा मिथिल अल्कोहोल असेल तर होऊ शकतो. डब्यासोबत आलेली सेफ्टी डेटा शीट बघा.

३० च्या आतल्यासाठी: विमान कंपन्यांत वैमानिकांना शून्यच लागतं, उड्डाणाआधी १२ तास दारू बंद. तुमच्या मशीनवाल्यांनाही शून्यच ठेवा. पण पहिल्या वेळी शिक्षा नको. त्या दिवशी मशीनवर बसवू नका, आणि स्वतःच्या गाडीवर घरी पाठवू नका, कुणीतरी सोडायला जा.

जो वारंवार सापडेल त्याला "उद्यापासून बंद कर, नाहीतर नोकरी जाईल" असं कधीही सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर हात थरथरणं, फिट येणं, दोन-तीन दिवसांत भ्रम होणं असे जिवावर बेतणारे त्रास होतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय, आणि १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. उपचारासाठी रजा आणि परत आल्यावर कामाची हमी, ही दोन वाक्यं धोरणात घाला. नाहीतर स्वतःहून पुढे कुणी येणार नाही.

---

सुरक्षित_पाळी

ही दोन्ही वाक्यं घातली. ऑपरेटरचा मेमो मागे घेऊन त्या जागी अपघाताची रीतसर चौकशी लावावी, अशी शिफारस लेखी दिली आहे. चौकशीत रॅकची जागा, रस्त्याची रुंदी आणि आदल्या आठवड्याचा ओव्हरटाइमही बघणार आहोत. मसुदा सोमवारी कमिटीपुढे ठेवतो. शून्याच्या मर्यादेला कामगार प्रतिनिधी काय म्हणतात ते इथेच कळवीन.