‘अटॅचमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

बोरीकाठ : अमळनेरकडच्या अंगणवाडी सेविकांसाठी बालमानसशास्त्राचं एक पत्रक मराठीत आणतेय. ‘सिक्युअर अटॅचमेंट’पाशी, म्हणजे मुलाला आईबद्दल वाटणाऱ्या भरवशाच्या ओढीपाशी, गाडं अडलंय. ‘सुरक्षित आसक्ती’ लिहिलं, तर एक सेविका हसत अहिराणीत म्हणाली, “आसक्ती दारूनी ऱ्हास, ताई. पोऱ्याले ते लया लागस.” ‘सुरक्षित लळा’ चालेल? सोमवारी छपाईला द्यायचंय.

निवृत्त मास्तर : आसक्तीत वावगं काय? सञ्ज् म्हणजे चिकटणे. दारूचा वास तुमच्या नाकात आहे, शब्दात नाही. शास्त्राला संज्ञा लागते, लाडिक शब्द नव्हे.

कोर्टातला कारकून : आमच्याकडे अटॅचमेंट म्हणजे जप्ती. ‘सुरक्षित जप्ती’ करून टाका.

रावेरी केळं : कोणी ‘अनुबंध’ सुचवायच्या आत सांगतो, इथून पुढे निघालं की बऱ्हाणपूर. तिकडच्या हिंदीत अनुबंध म्हणजे ठेकेदाराचा करार.

भाच्याची मावशी : माझं मत लळ्याला. माया, वात्सल्य मोठ्यांकडून खाली येतं. वात्सल्य तर वत्सावरूनच आलंय. अटॅचमेंटचा सिद्धांत मांडणारा जॉन बोल्बी बोलतो ते पोराकडून मोठ्याकडे जाणाऱ्या ओढीबद्दल. लळा पोराला लागतो.

तापीकाठ : मोठ्यांनाही लागतो हो. शेजारचं कुटुंब बदली होऊन गेलं तेव्हा त्यांच्या पोरीसाठी आमचे वडील दोन दिवस नीट जेवले नव्हते.

बोरीकाठ : माझी अडचण पुढे आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थच्या ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ प्रयोगात वर्ष-दीड वर्षाचं मूल अनोळखी खोलीत असतं, आई दोनदा बाहेर जाते. मूल किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, यावर सगळी भिस्त. काही मुलं आईकडे पाठ करून खेळण्याशी चाळा करत राहतात. तीही अटॅचमेंटच, ‘अव्हॉइडंट’. आमच्या अंगणवाडीत एक पोरगं आहे. आई न्यायला आली की चप्पल शोधत बसतं. चप्पल पायातच असते. याला ‘टाळणारा लळा’ म्हणू? लळा म्हटलं की गोडवा आलाच.

निवृत्त मास्तर : म्हणूनच आसक्ती! ना गोड, ना कडू. मारणाऱ्या बापालाही लेकरू चिकटतंच ना?

भाच्याची मावशी : चिकटतं ते उबेसाठी. मानसशास्त्रज्ञ हार्लोने १९५८ मध्ये माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. पिंजऱ्यात दोन नकली आया, एक तारेची, एक कापडाची; दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं बिलगून बसायची ती कापडाच्या आईलाच. याला आसक्ती म्हणणार मास्तर?

तापीकाठ : लळा, लालन, लाड, सगळे लल् धातूच्या घरचे. मास्तरांची संस्कृतची हौस तिथेही भागेल.

धुळेकर : लल् वगैरे ठीक, पण सेविकेचं ‘लया’ पत्रकात का नको? वाचणार त्याच आहेत. आम्ही अहिराणीवाले ळचा य करतो: डोया, काया, शाया.

रावेरी केळं : ‘आम्ही’ म्हणजे कोण? आमच्या लेवा बोलीतही डोयाच म्हणतात. मक्तेदारी नको.

धुळेकर : मक्तेदारी कोण सांगतंय? अहिराणी जुनी, एवढंच.

निवृत्त मास्तर : ‘लया’ छापलंत तर पुण्याचा वाचक ‘लय’ समजून ताल धरेल.

धुळेकर : पत्रक पुण्याला चाललंय का?

बोरीकाठ : मंडळी, सोमवार. आणि ‘टाळणारा’चं काय?

रावेरी केळं : अहिराणी जुनी हे कशावरून, ते आधी सांगा.