जोहान्सबर्ग–विंडहुक–कासाने गाडीने, मध्ये पाच दिवस शिकार: सल्ला हवा

पुणेरी_पथिक
मंडळी, जून-जुलैत २० दिवस आहेत. आम्ही चौघं: मी, बायको, जोहान्सबर्गला राहणारा मेहुणा आणि त्याची बायको. मेहुण्याची डबल कॅब हायलक्स आहे, छतावर तंबू बसवलेला. कच्चा बेत असा: जोहान्सबर्गहून बोत्स्वानातून ट्रान्स-कलहारी हायवेने विंडहुक, पुढे ओत्जिवारोंगोजवळच्या फार्मवर पाच दिवस शिकार (नेम मेहुणा धरणार, मी फक्त बघ्या), मग एतोशा राष्ट्रीय उद्यान, कॅप्रिव्ही (नामिबियाची ईशान्येकडची चिंचोळी पट्टी), बोत्स्वानातलं कासाने, आणि फ्रान्सिसटाउनवरून परत. मेहुणा स्वतःची .२४३ (नळीचं माप, म्हणजे कॅलिबर) रायफल गाडीतून नेणार म्हणतो. बायको शाकाहारी. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

जोबर्गकर
रस्ता चांगला निवडलात, रायफल घरी ठेवा.

अहो, चार सीमा आहेत. दक्षिण आफ्रिकेतून रायफल तात्पुरती बाहेर न्यायची तर पोलिसांचा परवाना (एसएपीएस ५२० फॉर्म), शिवाय सीमेवर कस्टमकडे क्रमांकासह नोंद, नाहीतर परतताना ती तुमचीच हे सिद्ध करत बसाल. नामिबियात शिकारीच्या रायफलीला आत येतानाच पोलिसांकडून तात्पुरता परवाना मिळतो, ते त्यातल्या त्यात सोपं. पण बोत्स्वाना मध्ये येतो, तोही दोनदा: जाताना पायोनियर गेट ते मामुनो, येताना न्गोमा ते मार्टिन्स ड्रिफ्ट. तिथे चोरट्या शिकारीविरुद्ध लष्कर रस्त्यावर असतं आणि गाडीत बंदूक सापडली की प्रश्न तासभर संपत नाहीत. सीमेवर उभ्या उभ्या काम होईल असं धरून निघू नका, लेखी परवानगी आधी हातात हवी. शिवाय एतोशात बंदूक नेता येत नाही आणि कॅप्रिव्हीचा रस्ता ब्वाब्वाटा राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातो. म्हणजे पाच दिवसांच्या कामासाठी पंधरा दिवस ओझं.

रायफल न्यायचीच असेल तर बोत्स्वाना टाळून उपिंग्टनवरून नाकोप-आरियाम्सव्लेई सीमेने जा. जोहान्सबर्ग ते विंडहुक तिकडून १७०० किमीच्या आसपास पडतं, ट्रान्स-कलहारीने साधारण १४००. मग परतीलाही तोच रस्ता आणि कासाने विसरा. त्यापेक्षा फार्मवर भाड्याने रायफल घेणं शहाणपणाचं. बहुतेक फार्मांकडे .३०-०६ किंवा .३०८ असतेच.

नेमबाज_काका
वरच्याला माझी जोड. सीमा राहू द्या, ती .२४३ तिथल्या मोठ्या जनावरांना मुळात चालणारच नाही. नामिबियाच्या कायद्यात नळीच्या तोंडाशी किती ऊर्जा हवी हे ठरलेलं आहे: स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावरांना किमान १३५० जूल, कुडू, ओरिक्स, हार्टबीस्ट, विल्डबीस्ट, ईलंड या मोठ्या हरणांना २७०० जूल, आणि रानरेडा-हत्ती-पाणघोडा या गटाला ५४००. .२४३ ची १०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २६०० च्या थोडी पुढे जाते आणि थांबते. स्प्रिंगबॉकला उत्तम, ओरिक्सला बेकायदा. .३०८ साधारण ३५०० देते, .३०-०६ मध्ये १८० ग्रेन ३९०० च्या आसपास. १८० ग्रेनची, आतून जोडलेली म्हणजे बॉन्डेड गोळी मागा. हलकी वेगवान गोळी ओरिक्सच्या खांद्यावर फुटून वरच्यावर राहते.

आता नेम. सगळ्यात जास्त जखमा इथेच होतात. ओरिक्सचा खांदा वर उंचवटलेला असतो, त्यामुळे नजर आपोआप वर जाते. हृदय-फुप्फुसं तिथे नाहीत, ती खाली आणि पुढे आहेत. जनावर पूर्ण आडवं उभं असताना पुढच्या पायाची रेषा वर न्या आणि अंगाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबा. वर लागली तर मणक्याच्या काट्यांमधून जाते, जनावर कोसळतं, सगळे हात मिळवतात आणि तेवढ्यात ते उठून पळतं. म्हणून पडलेल्या जनावरावर लगेच बोल्ट ओढून दुसरी गोळी तयार ठेवायची. जखमी ओरिक्सच्या समोरून जाऊ नका. ते मान खाली घालून शिंगं पुढे करतं, आणि ती शिंगं शोभेची नसतात.

मेहुण्याला सांगा, मैदानावर टेबलाला टेकून नेम धरायचा सराव इथे कामाचा नाही. तीन बांबूच्या काठ्या वरून बांधा, उभं राहून त्यावर रायफल टेकवा आणि १०० मीटरवर ताटाएवढ्या वर्तुळात दहापैकी नऊ बसेपर्यंत सोडू नका. फार्मवर पहिल्या दुपारी लक्ष्यावर दोन-तीन गोळ्या मारायला लावतात. ते पाहुण्याची परीक्षा घ्यायला नसतं. खडबडीत रस्त्यावर बक्कीच्या (पिकअप गाडीच्या) मागे हादरून स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, सरकलेला असतो. शिकारीच्या मध्येही रायफल पडली किंवा आपटली तर पुन्हा तपासा.

रानवाटा
शिकारीला पैसे मोजून जाणं पटत नाही. आपल्याकडे १९७२ पासून बंद आहे ते उगाच नाही.

जोबर्गकर
मत मान्य, पण वाद वेगळ्या धाग्यावर घालू. माहितीपुरतं: नामिबियात १९९६ पासून गावसमूहांच्या कॉन्झर्व्हन्सींना आपल्या हद्दीतल्या प्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क आहे, आणि खाजगी फार्मवर जनावरांची देखभाल मालकच करतो. मांस वाया जात नाही, फार्मवर किंवा गावात जातं. पटायलाच हवं असं नाही.

नेमबाज_काका
फार्मशी पैसे भरण्याआधी हे लेखी घ्या. हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर, तुमचा जून-जुलै छान. ट्रॉफी शिकारीचा (शिंगं-कातडं आठवण म्हणून ठेवायच्या शिकारीचा) परवाना सरकारकडून फार्मवाल्यांनीच काढायचा असतो. तो हातात आल्याशिवाय पहिली गोळी सुटता कामा नये, आणि त्यावर एका प्रजातीची वर्षाला दोनच जनावरं. सोबतचा माणूस नोंदणीकृत शिकारी मार्गदर्शक हवा. गाडीवरून गोळी मारणं आणि रात्रीची शिकार, दोन्ही बेकायदा. कुणी "जरा इथूनच मारा" म्हणालं तर तो फार्म बरोबर नाही.

दर दोन प्रकारचे: दिवसाचा दर आणि जनावरामागचा दर. बघ्याचा दिवसाचा दर कमी असतो, पण असतो. रक्त सांडलं की जनावर तुमचं, मग सापडो वा न सापडो, पैसे द्यावे लागतात. हे वाचूनही लोक शेवटच्या दिवशी भांडतात. रायफलचं भाडं, गोळीमागचा दर, माग काढणाऱ्याची आणि स्वयंपाकघराची बक्षिसी, विंडहुकपासून आणणं-सोडणं (तुम्हाला नको) हे वेगवेगळं लिहून घ्या.

डिझेलभाऊ
गाडीकडे वळतो. हायलक्सची टाकी ८० लिटर. छतावर तंबू, चार माणसं आणि सामान धरून १०० किमीला १२-१३ लिटर जाईल, म्हणजे ६०० ला टाकी कोरडी. ट्रान्स-कलहारीवर ज्वानेंग आणि कांग दोन्हीकडे भरायचं, अर्धी असली तरी. २० लिटरचे दोन कॅन पुरे, ते छतावर नको. वर आधीच तंबू आहे, गुरुत्वमध्य आणखी वर गेला की कच्च्या रस्त्यावर गाडी उलटते. नामिबियात पर्यटकांच्या गाड्या आदळून कमी आणि एकट्याच लोळून जास्त जातात. कारण ठरलेलं: खडीवर ९०-१००, वळणावर मागचा भाग सुटतो, माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि स्टिअरिंग उलटं ओढतो. सी आणि डी क्रमांकाच्या (बहुतेक खडीच्या) रस्त्यांना कायद्याने काहीही परवानगी असो, ८० च्या वर जाऊ नका. समोरून गाडी आली की डावीकडे सरकून वेग कमी करा, काच वाचेल.

टायरची हवा हा अर्धा प्रवास आहे. डांबरावर भरलेल्या गाडीला मागे २.४, पुढे २.२ बार. खडीवर १.७-१.८. मऊ वाळूत १.२, अडकलात तर १.० पर्यंत, पण त्या हवेवर वेग ३०-४० च्या आत, नाहीतर टायर रिममधून निघतो. डांबरावर परत आलात की लगेच भरा. कमी हवेने १२० ला पळवलं की टायरची बाजू तापून फाटते, आणि तिथे पंक्चरची दोरी बसत नाही. म्हणून १२ व्होल्टचा पंप थेट बॅटरीला चिमट्याने लावायचा घ्या, सिगारेट-सॉकेटवाला फ्यूज उडवतो. स्टेपन्या दोन. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी, नाहीतर जॅक वाळूत जातो आणि गाडी तिथेच.

फ्रिजला दुसरी बॅटरी वेगळी हवी. ४० लिटरचा कंप्रेसर फ्रिज दिवसाला ३०-४० अँपिअर-तास खातो, १०० च्या डीप सायकल बॅटरीतले निम्मेच वापरायचे. फार्मवर पाच दिवस गाडी उभी राहणार, तेव्हा तिथे २२० व्होल्टवर लावा. आणि मागच्या टपाच्या दाराचं रबर आत्ताच तपासा, धूळ तिथूनच शिरते. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसाल.

पुणेरी_पथिक
रायफल रद्द, मेहुणा थोडा नाराज आहे पण २६०० जूलचा आकडा ऐकून गप्प बसला. कागदपत्रांचं सांगा. आणि शिंगं पुण्याला आणता येतील का?

सीमोल्लंघन
शिंगं, कातडं, बिल्टाँग (वाळवलेलं मांस), पुण्याला काहीही नाही. आपला वन्यजीव कायदा, साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) तरतुदी आणि कस्टम, तिन्हींत अडकाल. मेहुण्याला जोहान्सबर्गला हवी असतील तर फार्मवरून ती टॅक्सीडर्मिस्टकडे (जनावरांचे अवशेष टिकवून देणाऱ्याकडे) जातात, उकळून-वाळवून, कीटकनाशकात बुडवून, मग निर्यात परवाना आणि पशुवैद्यकीय दाखला घेऊन काही महिन्यांनी पोचतात. गाडीत टाकून आणण्याची गोष्ट नव्हे.

व्हिसा: भारतीय पासपोर्टला तिन्ही देशांचे लागतात. खरी गोम प्रवेशांच्या संख्येत आहे. बोत्स्वानात तुम्ही दोनदा शिरता. आणि तुम्हा दोघांचा दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकदाच्या प्रवेशाचा असेल तर मार्टिन्स ड्रिफ्टला नदीच्या पलीकडे जोहान्सबर्ग दिसत नसलं तरी फार आठवेल. दोन्हींसाठी बहुप्रवेश मागा आणि अर्जाला हाच मार्ग तारखांसह जोडा.

गाडी: नोंदणीपत्राची साक्षांकित प्रत, मागे 'झेडए' चिकटपट्टी, आणि गाडीवर कर्ज असेल तर देशाबाहेर न्यायला बँकेचं पत्र. हे शेवटचं हमखास विसरतं. बोत्स्वानाच्या सीमेवर रस्ता-शुल्क आणि विमा भरायला पुला (तिथलं चलन) जवळ ठेवा. नामिबियातही परदेशी गाडीला सीमाशुल्क आहे, तिथे रँड एकास एक चालतो. उलट नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेत कुणी घेत नाही, सीमेआधी संपवा.

मुंबईहून नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस उड्डाणाच्या किमान १० दिवस आधी. दाखला १० दिवसांनीच लागू होतो. मलेरियाची गोळी कॅप्रिव्ही आणि चोबेसाठी (कासानेचा परिसर). अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर एक-दोन दिवस आधी सुरू, बाहेर पडल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवावी लागते. डॉक्टरांना विचारून एक ठरवा. कासानेहून व्हिक्टोरिया फॉल्सला जाणार असाल तर लष्करी छापाचे कपडे पुण्यालाच राहू देत. झिंबाब्वे-झांबियात ते घालायला बंदी आहे, मग शिकारीचा शौक म्हणून घेतलेले असोत.

मांस: फार्मवरून शिकारीचं मांस बरोबर घेतलंत तर मालकाची सहीची चिठ्ठी हवी: कुठलं जनावर, किती किलो, कुठली तारीख. ग्रूटफॉन्टाइन आणि रुंडूच्या मध्ये मुरुरानीला पशुरोगाचं कुंपण आहे, तिथे अडवतात ते उत्तरेकडून दक्षिणेला येणारं कच्चं मांस. तुम्ही उलट जाताय म्हणून सुटाल, पण न्गोमाला बोत्स्वानात शिरण्याआधी सगळं संपवा. बोत्स्वानात दुक्वीलाही तपासणी आहे. चपला-बूट सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावतात. आणि हो, फ्रिज उघडूनच दाखवा, लपवाछपवी नको.

गोडा_मसाला
शाकाहारी वहिनींसाठी: फार्मला आधी कळवा आणि "मासेही नाहीत, चिकनही नाही, चरबीही नाही" असं सुटं सुटं लिहा. तिथे चिकनला भाजी समजणारे बरेच. बटाटा, बीट, लाल भोपळा आणि मक्याचं पाप मिळेलच. पाप म्हणजे आपली मक्याची उकडच, वर लसणाची चटणी टाकली की काम झालं. बिडाची तिपाई कढई (पॉइकी) विकत घ्या, मूगडाळीची खिचडी निखाऱ्यावर ४० मिनिटांत होते. पण मंद आच हवी, नाहीतर बूड लागतं. लाकूड दर मुक्कामी विकत घ्या, सीमेपलीकडे नेऊ नका. झोपायच्या पिशव्या शून्याच्या खाली चालणाऱ्या घ्या, जूनमध्ये कलहारीत पहाटे पाणी गोठतं. छतावरचा तंबू खालून गार पडतो, गादीखाली एक घोंगडी टाका.

पुणेरी_पथिक
सगळ्यांचे आभार. सुधारलेला बेत: पहिला दिवस जोहान्सबर्ग–विंडहुक, दुसऱ्या दिवशी ओत्जिवारोंगो, फार्म पाच रात्री, एतोशा तीन, मग नामुतोनीहून (एतोशाचा पूर्वेकडचा मुक्काम) थेट कॅप्रिव्हीतलं कातिमा, पुढे कासाने तीन रात्री आणि परत.

जोबर्गकर
पहिला दिवस मोडा. १४०० किमी आणि दोन सीमा एका दिवसात नाहीत. पहिली रात्र कांग (साधारण ६५०), दुसरी विंडहुक (साधारण ७००). जूनमध्ये नामिबियात सूर्य सव्वासहाला मावळतो, कासानेत पावणेसहाच्या सुमारास. त्याच्या अर्धा तास आधी गाडी उभी हवी. हायवेला कुंपण असलं तरी कुडू ते उडी मारून ओलांडतो, आणि बोत्स्वानात गाढवं डांबर तापलेलं असतं म्हणून रात्री रस्त्यावरच झोपतात.

नामुतोनी ते कातिमा एका दिवसात ९०० च्या वर जातं, तेही मोडा. नामुतोनी–रुंडू ४१५ च्या आसपास, मुक्काम. दुसऱ्या दिवशी दिवुंडूवरून कोंगोला, साधारण ४००, शेवटचे २०० किमी ब्वाब्वाटातून. तिथे रस्ता सरळसोट असतो म्हणून वेग वाढतो आणि हत्ती आडवे येतात. एतोशाचं आरक्षण आत्ताच करा, जुलैत शाळांच्या सुट्ट्या असतात. तीनपैकी निदान एक रात्र एतोशातल्याच ओकाउकुएयो मुक्कामी घ्या, पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो आणि काळा गेंडा बहुतेक नऊनंतर येतो. परतीला कासाने–फ्रान्सिसटाउन ४९०, दुसऱ्या दिवशी मार्टिन्स ड्रिफ्टवरून घर. नाटाच्या पुढेमागे हत्ती, तोही पट्टा उजेडातच.

डिझेलभाऊ
रुंडूला टायरची हवा आणि चाकांचे नट दोन्ही तपासा. एतोशातल्या तीन दिवसांच्या खडखडाटाने नट ढिले होतात, पाना गाडीत वर ठेवा, सामानाखाली नको.