शेक सुरू करायला ८ दिवस? नक्की काय करतात आत?

बाळ्या_सांगली
बाबांच्या जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता ३० शेक (रेडिएशन) घ्यायचे सांगितलेत. मंगळवारी डोकं हलू नये म्हणून तो जाळीचा मास्क बनवला, सीटी काढला आणि ८ दिवसांनी फोन करतो म्हणून घरी पाठवलं. मशीन तर दिवसभर चालूच असतं, मग आमचंच का अडलंय? काका म्हणतायत कुणाची तरी ओळख काढ.

बंकरमधला
मी फिजिसिस्ट आहे, हेच काम करतो. ओळखीने काही होत नाही हो यात. सीटीच्या एकेका स्लाइसवर डॉक्टर गाठीची जागा, लाळग्रंथी, मज्जारज्जू सगळं रेखाटत बसतात. मग आम्ही प्लॅन करतो, जिभेच्या जागी ६० ग्रे (डोसचं माप) बसले पाहिजेत पण मज्जारज्जूला ४५ च्या वर नको, आणि लाळग्रंथी वाचवायला गेलं की नेमका गाठीच्या जागेच्या कडेला डोस कमी पडतो, मग परत पहिल्यापासून.
प्लॅन पास झाला तरी लगेच पेशंटवर नाही चालवत. संध्याकाळी पेशंट संपले की टेबलावर प्लास्टिकचा ठोकळा ठेवायचा, आत डिटेक्टर, आणि बाबांचा प्लॅन बाबांशिवाय चालवायचा. कॉम्प्युटरचा आकडा आणि मोजलेला आकडा ताडून बघतो, त्याला गामा म्हणतात. डोसमध्ये ३ टक्के, जागेत २ मिमी एवढा फरक धरून ९५ टक्के बिंदू तरी जुळले पाहिजेत. मागे एक प्लॅन ८८ वर आला, डोस छान दिसावा म्हणून मीच इतक्या बारीक फटी ठेवल्या होत्या की मशीनच्या किरण अडवणाऱ्या पट्ट्यांना ते जमेना. परत केला, दोन दिवस गेले.
फक्त ऑपरेशनपासून ६ आठवड्यांच्या आत सुरू होतंय ना ते बघा, त्याच्या पुढे जात असेल तर खुशाल विचारा.

मीनल_ताई
दात दाखवलेत का? काढायचा असेल तो आधीच काढतात, शेकानंतर जबड्याची जखम भरत नाही लवकर. आणि खाणं सांभाळ रे, आमच्या दादांचं वजन उतरलं, मास्क ढिला झाला, परत सीटी परत प्लॅन.

बाळ्या_सांगली
दात राहिलेत ताई, उद्याच नेतो. सर, त्या ८८ वाल्या पेशंटला सांगितलंत का काय झालं ते?

बंकरमधला
मशीनचं काम आहे, परवा या, एवढंच सांगितलं. बायको तीन तास एसटीने घेऊन आली होती त्यांना, तिला कुठे गामा सांगत बसू.