पत्रिकेची छपाई आणि संध्याकाळचा वाद्यवृंद: आधी काय पक्कं करायचं?

प्रश्न: सोनचाफा

लग्नाला साधारण २५० माणसं येतील, हातात साडेचार महिने आहेत. छापायच्या गोष्टी: पत्रिका, पाकिटं, हॉलच्या दारातला बसण्याचा तक्ता आणि टेबलांचे नंबर. मजकूर मराठी, दोघांची नावं सोनेरी फॉइलमध्ये हवीत आणि येणार की नाही हे कळवायला क्यूआर कोड द्यायचा आहे.

संध्याकाळी पाच जणांचा वाद्यवृंद आहे (गायिका, कीबोर्ड, गिटार, बास, ड्रम). त्यांच्या विश्रांतीत लॅपटॉपवरची गाणी आणि दोन-तीन जणांची मनोगतं. हॉल ३० मीटर लांब, १४ मीटर रुंद, मंच एका टोकाला.

पत्रिका किती आणि कधी छापाव्यात? फॉइलमध्ये मराठी अक्षरं नीट उठतात का? शेवटच्या रांगेला शब्द कळावेत म्हणून काय करावं? आणि वाद्यवृंदाची वेळ पत्रिकेत द्यावी का?

प्रतिसाद: कागदकाम

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं त्यावर ठरतं. पत्रिकेत फक्त न बदलणाऱ्या गोष्टी छापा: तारीख, ठिकाण, मुख्य सोहळ्याची वेळ आणि संध्याकाळचा कार्यक्रम सुरू होण्याची वेळ. वाद्यवृंद किती वाजता, मनोगतं कधी, हे क्यूआर कोडमागच्या पानावर टाका. ते आदल्या दिवशीही बदलता येतं, छापलेला कागद बदलता येत नाही.

संख्या माणशी नाही, घरटी धरायची. २५० माणसांची यादी घरांप्रमाणे मांडली की बहुधा ११० ते १३० पत्रिका निघतात. त्यावर १० ते १५ टक्के जास्तीच्या घ्या. पाकिटं मात्र २० टक्के जास्त हवीत, पत्ते लिहिताना चुका पाकिटांवरच होतात. नंतर "अजून वीस द्या" म्हटलं तर फॉइल मशीन नव्याने लावावं लागतं आणि सोनेरी छटाही तंतोतंत तीच येईल याची खात्री नसते.

वेळेचं गणित उलटं मांडा. उत्तर कळवण्याची मुदत लग्नाच्या साडेतीन-चार आठवडे आधी. पत्रिका लोकांच्या हातात आठ आठवडे आधी. पत्ते लिहायला आणि पाकिटं भरायला एक आठवडा. फॉइलचा डाय (फॉइल दाबायचा धातूचा साचा), छपाई आणि कापणी मिळून तीन आठवडे. म्हणजे लग्नाच्या १२ आठवडे आधी मजकूर अंतिम झालेला हवा. तुमच्याकडे त्याआधी सहा-सात आठवडे उरतात, तेवढे पुरतात.

पाकीट आधी निवडा, पत्रिकेचं माप त्यावरून ठरवा. ए५ पत्रिका (१४८ × २१० मिमी) सी५ पाकिटात (१६२ × २२९) बसते, ए६ (१०५ × १४८) सी६ मध्ये (११४ × १६२). मनाला येईल ते माप छापलं की त्या मापाची पाकिटं मुद्दाम बनवून घ्यावी लागतात. एकपानी पत्रिकेला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागद चांगला. घडीची असेल तर २५० पुरे, पण घडीच्या जागी क्रीझिंग (आधीच दाबून रेघ पाडणं) करायलाच हवं आणि घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेनेच यायला हवी. आडवी आली तर कागद तडकतो आणि गडद रंगाखालून पांढरी रेघ डोकावते. वजनही आधीच काढा: ३०० जीएसएमचा ए५ कागद साधारण ९.३ ग्रॅम भरतो. आत आणखी एक कार्ड आणि जाड पाकीट आलं की टपालाचा पुढचा टप्पा लागू शकतो. म्हणून सगळं भरलेला एक नमुना तिकिटं घेण्याआधी काट्यावर ठेवा.

आता फॉइल. मराठी अक्षरं छान उठतात, फक्त त्यांना जागा लागते. रेघ ०.३ मिमीपेक्षा बारीक नको आणि दोन रेघांमधली पोकळी ०.४ मिमीपेक्षा कमी नको. रोमन लिपीत ११ पॉइंटला चालणारं फॉइल देवनागरीत १६ पॉइंटच्या खाली नेऊ नका. ‘क्ष’ची गाठ, ‘ष’चं पोट, ‘श्री’मधला वळसा या जागा आधी भरून येतात आणि अक्षराऐवजी सोनेरी ठिपका दिसतो. खडबडीत, हाती बनवलेल्या कागदावर फॉइल खळग्यांत धरत नाही, तिथे गुळगुळीत कागदच हवा. छापलेल्या अक्षराभोवती फॉइलची कडा काढण्याचा मोहही टाळा. छपाई आणि फॉइल ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांत अर्धा-एक मिलिमीटर फरक पडतोच.

फाईल देताना चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापणीत जाणारी जास्तीची छपाई), मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत, चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिसळून केलेला काळा थोडा जरी सरकला तरी अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात.

क्यूआर कोड फॉइलमध्ये करू नका. चकाकीमुळे फोनला तो बऱ्याचदा वाचता येत नाही. फिक्या कागदावर गडद शाईत, निदान २ × २ सेंमी, भोवती कोडातल्या चार चौकटींएवढी कोरी जागा.

प्रतिसाद: रफार

वरच्या सगळ्याशी सहमत, एक मुद्दा जोडतो. मराठी पत्रिका सर्वात जास्त कुठे बिघडत असतील तर फाईल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना. मजकूर युनिकोडमध्ये टाईप केलेला असतो आणि डिझायनरच्या जुन्या सॉफ्टवेअरला किंवा चुकीच्या सेटिंगला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. मग पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार सुटून ‘र्’ वेगळा पडतो. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाईन असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांना आधार देणारा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडावा लागतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर रूपांतरित करून घेत असाल तर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि ‘ङ्म’ हमखास तपासा.

दुसरं, बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मूळ हिंदी वळणाचे असतात. मजकुराची भाषा मराठी केली की काही फॉन्ट आपोआप मराठी वळण देतात. देत नसेल तर फॉन्ट बदला. पत्रिकेत ‘शुभ’, ‘लग्न’ एवढ्या ठळकपणे येतात की परकं वळण लगेच डोळ्यात भरतं.

प्रूफ पाहून झालं की सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये (फॉन्ट लागणार नाही अशा आकृत्यांत) बदलून पीडीएफ घ्या आणि ती पीडीएफ पुन्हा एकदा वाचा. मोबाईलवर नाही, खऱ्या मापात कागदावर छापून. वाचणारे दोघे असावेत, एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवायचं. तारीख आणि वार जुळतात का हे कॅलेंडर समोर ठेवून बघा.

क्यूआर कोड कोणत्या सेवेवरून बनवता तेही महत्त्वाचं. काही मोफत सेवा मधल्या दुव्यावरून फिरवतात आणि चाचणीची मुदत संपली की कोड बंद पडतो. पानाचा थेट पत्ता असलेला कोड कधी बंद पडत नाही. पान बदललं तरी पत्ता तोच राहील एवढंच बघा.

प्रतिसाद: मंद्रसप्तक

आवाजाचं सांगतो. ३० मीटर लांबीच्या हॉलमध्ये फक्त मंचाजवळ दोन मोठे स्पीकर ठेवले तर पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे तो इतका उतरत नाही, पण मागे पोचतो तो बराचसा घुमलेला असतो, म्हणून आवाज ऐकू येऊनही शब्द लागत नाहीत. अशा वेळी आवाज वाढवला तर घुमणंच वाढतं.

उपाय म्हणजे मंचापासून १५ मीटरवर दोन लहान स्पीकर, तोंड मागच्या बाजूला. ध्वनीला एक मीटर कापायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १५ मीटरला ४४. मधल्या स्पीकरना तेवढा विलंब आणि वर आणखी १० मिलिसेकंद द्या. मग मागच्या माणसालाही आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. विलंब न देता स्पीकर लावले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. साउंडवाल्याला "मधल्या स्पीकरला डिले देणार ना?" एवढं विचारा, उत्तरावरून त्याची तयारी कळेल.

सगळे स्पीकर स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यावरून जातील इतके उंच. मंचाजवळची जोडी माईकच्या पुढे, कधीही मागे नाही. मनोगतासाठी हातातला माईक द्या, कॉलर माईक नको. कॉलर माईकला आवाज जास्त चढवावा लागतो आणि बोलणारा स्पीकरसमोर गेला की तो शिट्टी मारतो. बोलणाऱ्यांना एकच सूचना: माईक हनुवटीपासून चार बोटांवर, आणि हसताना किंवा टाळ्या वाजवताना खाली न्यायचा नाही. नव्या बॅटऱ्या मनोगताच्या अगदी आधी घाला, दुपारच्या चाचणीत वापरलेल्या नको.

लॅपटॉपवरची गाणी डाउनलोड केलेलीच हवीत. सूचनांचे आवाज बंद, स्क्रीन झोपणार नाही अशी सेटिंग, आणि लॅपटॉप मिक्सरला (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) डीआय बॉक्समधून, म्हणजे गुणगुणाट अडवणाऱ्या छोट्या डबीतून, जोडायचा. नाहीतर चार्जर लावताक्षणी घूं असा आवाज सुरू होतो.

वीज: आवाज आणि दिवे वेगळ्या सर्किटवर. डिमर असलेल्या दिव्यांचा गुणगुणाट स्पीकरमध्ये उतरतो. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटवर कागदोपत्री ३,६८० वॅट मिळतात, पण त्याच सर्किटवर चहाचा विजेचा बॉयलर असेल तर ऐन गाण्यात सगळं बसतं. केबलचं रीळ वापरत असाल तर ते पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल भाराखाली तापून वितळू शकते.

सोनचाफा

खूप उपयोगी पडलं. हॉलवाल्यांनी सांगितलं की तिथे आवाजाची मर्यादा ओलांडली की मंचाची वीज तोडणारं यंत्र आहे. वाद्यवृंदाला आधी सांगावं लागेल का? आणि बसण्याच्या तक्त्याचं माप काय ठेवू?

प्रतिसाद: मंद्रसप्तक

आजच सांगा. मर्यादा किती डेसिबल, यंत्राचा माईक कुठे लावलाय आणि वीज तोडण्याआधी किती सेकंद इशारा मिळतो, या तीन गोष्टी हॉलकडून लेखी घ्या. खरा प्रश्न ड्रमचा आहे. माईक न लावताही ड्रम सेट १०० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे स्पीकर बंद ठेवले तरी मर्यादा मोडू शकते. इलेक्ट्रॉनिक ड्रम किंवा कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) हा साधा मार्ग. आणि वीज एकदा गेली की डिजिटल मिक्सर आणि कीबोर्ड पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर तरी जातो, कीबोर्डवर जुळवून ठेवलेले आवाजही कधी कधी पुसले जातात. मिक्सरला छोटा यूपीएस लावून घ्या.

वेळा अशा धरा: सामान उतरवणं आणि जोडणी दोन तास, आवाजाची चाचणी पाऊण तास, आणि हे सगळं पाहुणे आत यायच्या अर्धा तास आधी संपलेलं. वादन ४५ मिनिटांचे दोन भाग, मध्ये २५ मिनिटं. मनोगतं पहिल्या भागाच्या आधी, प्रत्येकी चार मिनिटं. विश्रांतीत मनोगतं ठेवलीत तर वादकांना मंच सोडून परत जुळवाजुळव करावी लागते आणि दुसरा भाग उशिरा सुरू होतो.

प्रतिसाद: कागदकाम

तक्ता ए१ (५९४ × ८४१ मिमी) उभा. चार रकान्यांत २५० नावं म्हणजे रकान्याला ६३ ओळी. शीर्षक सोडून साधारण ७२० मिमी उंची उरते, ओळीला ११.४ मिमी, म्हणजे ३२ पॉइंट. त्यात २४ पॉइंटचं अक्षर बसतं आणि खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला भिडत नाहीत.

नावं टेबलांप्रमाणे नको, वर्णक्रमाने लावा आणि नावापुढे टेबल नंबर लिहा. टेबलांप्रमाणे लावली की प्रत्येकाला अख्खा तक्ता वाचावा लागतो आणि दारात गर्दी तुंबते. त्याच तक्त्याच्या दोन प्रती करून दाराच्या दोन बाजूंना ठेवा. टेबलांचे नंबर दोन्ही बाजूंनी छापा, आकडा निदान ७ सेंमी उंच.

तक्ता लग्नाच्या तीन दिवस आधीच्या यादीवरून छापायला द्या, त्याआधी नाही. आणि दहा-बारा कोऱ्या पट्ट्या त्याच कागदावर, त्याच रकान्याच्या रुंदीत कापून आणा. ऐनवेळी नाव वाढलं की हाताने लिहून चिकटवता येतं.